अ‍ॅनिमेचे रसग्रहण : आवडते, पण का आवडते?

मराठीच्या तासाला कवितेचे रसग्रहण तुम्ही करता. कविता आवडली एवढे लिहून गुण मिळत नाहीत. कोणती कल्पना आवडली, कोणत्या शब्दाने चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले, मनात कोणता भाव जागा झाला, हे सांगावे लागते. पण ज्या गोष्टी तुम्ही रोज आवडीने पाहता, त्यांच्याबद्दल विचारले तर बहुधा “मस्त आहे” किंवा “बोअर आहे” यापुढे गाडी जात नाही. अ‍ॅनिमे ही त्यांतलीच एक गोष्ट. मधल्या सुट्टीत नारुतो आणि गोकू यांच्यावर वाद घालणारे विद्यार्थी आम्ही शिक्षक नेहमी ऐकतो. दुसरीकडे, “हे जपानी कार्टून बंद करावे का?” असे पालकसभेत विचारले जाते.

या दोन्ही मंडळींसाठी हा लेख आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : अ‍ॅनिमे चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. त्यात अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराचा आनंद वेगळा आहे. तो आनंद कशाचा, हे ज्याला ओळखता येते त्याला काय पाहावे आणि कुठे थांबावे हेही ठरवता येते. ज्याला ओळखता येत नाही, तो पुढचा भाग आपोआप सुरू झाला की पाहतच राहतो.

ही ओळख नवी नाही

‘अ‍ॅनिमे’ हा जपानी भाषेत ‘अ‍ॅनिमेशन’ या शब्दाचा संक्षेप आहे. जपानमध्ये कोणत्याही चलतचित्रपटाला तो लावतात; जपानबाहेर मात्र जपानी शैलीच्या चित्रपटांना आणि मालिकांनाच अ‍ॅनिमे म्हणतात. ज्या चित्रकथांवरून यांतील पुष्कळशा मालिका तयार होतात, त्या चित्रकथांना ‘मांगा’ असे नाव आहे.

आजच्या अनेक पालकांना हे खूळ अलीकडचे वाटते. त्यांना आम्ही मोगलीची आठवण करून देऊ. 1993 साली दूरदर्शनवर आलेली ‘द जंगल बुक’ ही मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने 1989 मध्ये तयार केली होती. हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांचे होते आणि शेरखानला आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनी. किपलिंगने मोगलीचे जंगल वसवले ते आपल्या मध्य प्रदेशातील सिवनीच्या डोंगरांत. म्हणजे आपल्याच प्रांताची गोष्ट इंग्रजीतून जपानला गेली आणि चित्ररूप घेऊन हिंदीत घरी परतली. ती पाहणाऱ्यांनी अ‍ॅनिमे हा शब्द कदाचित ऐकलाही नसेल, पण आनंद घेतला तो अ‍ॅनिमेचाच.

दुसरे उदाहरण रामायणाचे. जपानी निर्माते युगो साको यांनी भारताचे ज्येष्ठ अ‍ॅनिमेशनकार राम मोहन आणि जपानचे कोइची सासाकी यांच्यासह ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट तयार केला. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो 1993 साली दाखवला गेला. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा होता. 24 जानेवारी 2025 रोजी तो नव्या ध्वनिमुद्रणासह भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा आला. आईवडिलांनी लहानपणी पाहिलेला चित्रपट मुलांसोबत मोठ्या पडद्यावर पाहण्याचा योग त्यामुळे अनेक घरांत आला.

कोणासाठी आणि कोणत्या रसाचे?

अ‍ॅनिमेची वर्गवारी दोन प्रकारे होते. या दोहोंची गल्लत झाली की घरात भांडणे होतात.

पहिली वर्गवारी वाचकांच्या वयावरून. किशोरवयीन मुलांसाठी ‘शोनेन’, किशोरवयीन मुलींसाठी ‘शोजो’, प्रौढ पुरुषांसाठी ‘सेनेन’ आणि प्रौढ स्त्रियांसाठी ‘जोसेइ’. ही मुळात मांगा छापणाऱ्या नियतकालिकांची विभागणी आहे. अर्थात मुलींनी शोनेन किंवा मुलांनी शोजो पाहू नये, असा तिचा अर्थ नाही. अमुक कथा कोणत्या वयाच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली, एवढेच त्यावरून कळते.

शिनचानचे उदाहरण घ्या. योशितो उसुई यांची ही चित्रकथा 1990 साली प्रथम छापली गेली ती मोठ्यांच्या साप्ताहिकात. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडून मोठ्यांच्या वागण्याची थट्टा करावी, हा तिचा हेतू. भारतात ती मुलांच्या वाहिनीवर आली, तेव्हा पालकांनी तक्रारी केल्या. 2008 साली तिचे प्रसारण बंद करण्यात आले आणि पुढे काटछाट होऊन ते पुन्हा सुरू झाले. मोठ्यांसाठी वाढलेले ताट लहानांपुढे ठेवले गेले, ही या प्रकरणाची खरी गोम होती. नायक पाच वर्षांचा म्हणून प्रेक्षकही पाच वर्षांचा, हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरी वर्गवारी कथेच्या प्रकारावरून : साहस, क्रीडा, विनोद, घरगुती जीवन, अद्भुत, रहस्य, भय इत्यादी. ही समजून घ्यायला आपल्याकडे फार जुने साधन आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत असे आठ रस सांगितले आहेत. शांत हा नववा रस पुढे मानला गेला. हीच फुटपट्टी घेऊन आपण काही प्रकार पाहू.

वीररस : पडून उठणारा नायक

शोनेन प्रकारातील बहुतेक गाजलेल्या कथा ‘शोनेन जंप’ या 1968 साली सुरू झालेल्या नियतकालिकातून आल्या. मैत्री, परिश्रम आणि विजय ही त्याची त्रिसूत्री प्रसिद्ध आहे. यांतील मधला शब्द आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मासाशी किशिमोतो यांचा नारुतो हा निन्जा शाळेच्या अंतिम परीक्षेत तीनदा नापास झालेला मुलगा आहे. गावकरी त्याला टाळतात. त्याच्या पोटात नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याची प्रचंड शक्ती कोंडलेली आहे, पण प्रेक्षकाचे मन जडते ते त्या शक्तीवर नव्हे. एक विद्या शिकण्यासाठी तो शंभर वेळा पडतो आणि ते पडणे आपल्याला दाखवले जाते, म्हणून तो आपला वाटतो. आपल्या अनेक चित्रपटांतला नायक पहिल्याच दृश्यात दहा जणांना लोळवतो. हा नायक आपल्यासमोर घडतो. परीक्षेच्या दिवसांत मुलांना तो जवळचा का वाटतो, हे वेगळे सांगायला नको.

अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ची (1984) मुळे तर थेट भारताच्या वाटेवर सापडतात. सोन गोकू हे नाव म्हणजे चिनी कथेतील वानरराज सुन वुकोंग याच्या नावाचा जपानी उच्चार. ती सोळाव्या शतकातील चिनी कादंबरी रचली गेली भारतात ग्रंथ नेण्यासाठी आलेल्या ह्युएनत्संग या भिक्षूच्या प्रवासावर. सातव्या शतकात आलेल्या या प्रवाशाच्या वृत्तांतात महाराष्ट्राचे वर्णन आहे आणि आपल्या शेजारच्या उज्जैनचेही. सुरुवातीच्या गोकूची शेपटी, त्याची काठी आणि उडता ढग ही सारी त्या वानरराजाची मिरास आहे.

दोषही सांगितला पाहिजे. लोकप्रिय मालिका लांबत जाते. प्रत्येक शत्रू आधीच्यापेक्षा बलाढ्य आणावा लागतो आणि मूळ कथा पुढे सरकलेली नसली की मध्ये भरताड भाग घालतात. वीररस पातळ होतो तो इथे. शंभर भाग पाहून झाले म्हणून पुढचे शंभर पाहिलेच पाहिजेत असे नाही.

खेळ : शत्रू नसलेली लढाई

खेळावरील अ‍ॅनिमे हा वीररसाचाच प्रकार, पण आमच्या मते अधिक निर्मळ. कारण यात खलनायक लागत नाही. योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही फुटबॉलची कथा 1981 पासूनची. हारुइची फुरुदाते यांच्या ‘हाइक्यू’मध्ये हिनाता हा बुटका मुलगा व्हॉलीबॉल खेळायचेच असे ठरवतो. ज्याच्या संघाकडून तो पूर्वी हरला, तोच प्रतिस्पर्धी त्याच्या शाळेत येतो आणि दोघांना एका संघात खेळावे लागते. यात हरलेल्या संघांचे अश्रूही तितक्याच आदराने दाखवले आहेत. समोरचाही आपल्याइतकाच घाम गाळून आला आहे, ही जाणीव मैदानावर शिकवणे सोपे नसते.

या प्रकाराचे मराठी मुलखाशी नाते जुळले ते 2012 साली. बेसबॉलवरील ‘क्योजिन नो होशी’ ही 1968 ची गाजलेली जपानी मालिका भारतासाठी नव्याने रचली गेली आणि ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या नावाने कलर्स वाहिनीवर आली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले आणि नायक झाला मुंबईच्या गरीब वस्तीतला मुलगा. ज्या इंदूरच्या होळकर संघाने कर्नल सी. के. नायडूंच्या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला, त्या गावातल्या मुलांना क्रिकेटचे वेड समजावून सांगायला नको. इथे विचार करण्याजोगा प्रश्न एवढाच की, खेळ बदलला, देश बदलला, तरी कथा उभी कशी राहते? आमचे उत्तर : अशा कथेचा प्राण खेळाच्या नियमांत नसून सरावात असतो.

हास्यरस : नोबिताची फजिती

डोरेमॉन हा बाविसाव्या शतकातून आलेला यांत्रिक बोका. त्याला गोड पुरणासारखे सारण भरलेले ‘दोरायाकी’ फार आवडतात. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराची ही कथा 1969 च्या अखेरीस सुरू झाली. 2008 साली जपान सरकारने त्याला अ‍ॅनिमेचा राजदूत म्हणून नेमले, इतका तो घराघरांत पोचलेला.

पालकांचा आक्षेप असा की, नोबिता आळशी आहे आणि डोरेमॉन त्याला आयते देतो. आक्षेपात तथ्य आहे, पण कथेचा शेवट पाहावा. मिळालेले उपकरण नोबिता लोभाने वापरतो आणि शेवटी तोंडघशी पडतो. हसू येते ते त्या फजितीचे. आपल्या लोककथांमधला लोभी ब्राह्मण किंवा आळशी गोपाळ याच घराण्यातला. मात्र लहान मूल शेवट विसरते आणि उपकरण तेवढे लक्षात ठेवते. म्हणून भाग संपल्यावर “नोबिताचे कुठे चुकले?” एवढे विचारणारे कोणी शेजारी असावे.

घरगुती जीवनाचा आनंद याहून साधा. ‘साझाए-सान’ ही एका सामान्य कुटुंबाची मालिका जपानमध्ये ऑक्टोबर 1969 पासून सुरू आहे. सर्वाधिक काळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून तिची जागतिक विक्रमांत नोंद आहे. तिच्यात काही मोठे घडत नाही. सासर-माहेर, बाजारहाट, मुलांच्या खोड्या. घर जसेच्या तसे आहे, हे दर रविवारी पाहण्यातच समाधान असते.

अद्भुत आणि शांत : रिकाम्या जागेचा आनंद

हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ला (2001) 2003 साली ऑस्कर मिळाले. दहा वर्षांची चिहिरो देवभूतांच्या स्नानगृहात अडकते. या चित्रपटात एक आगगाडी पाण्यावरून जाते. बराच वेळ कोणी बोलत नाही, काही घडत नाही. खिडकीबाहेर पाणी आणि संध्याकाळ. ‘माय नेबर तोतोरो’त (1988) दोन बहिणी पावसात छत्री घेऊन वडिलांच्या बसची वाट पाहतात. तिथेही थेंबांखेरीज फारसे काही नाही. तरी नेमकी हीच दृश्ये मनात राहतात.

जपानी कलेत या मोकळ्या जागेला ‘मा’ म्हणतात. मियाझाकींनी एका मुलाखतीत टाळ्या वाजवून ते समजावले होते : दोन टाळ्यांमधला जो काळ, तो ‘मा’. इंदूरकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या उस्ताद अमीर खाँ साहेबांची अतिविलंबित लय आठवावी. दोन स्वरांमधली शांतता तिथे गाण्याचाच भाग असते.

याला थोडी तंत्राची बाजूही आहे. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी सरकतात. 1 जानेवारी 1963 रोजी ओसामू तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे होते. म्हणून एकच चित्र अनेक चौकटी धरून ठेवायचे, चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, अशा युक्त्या काढल्या गेल्या. टंचाईतून आलेली ही स्थिरता पुढे अनेक अ‍ॅनिमेंची ओळख बनली. डोळ्यांत साठलेले पाणी आणि वाऱ्याने हलणारी एक बट, एवढ्यावर भाव पोचवणे ही त्यातूनच आलेली कला.

करुणरस : रडूनही पुन्हा का पाहतो?

इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा चित्रपट ‘तोतोरो’च्याच दिवशी, 16 एप्रिल 1988 रोजी प्रदर्शित झाला. 1945 साली कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई जाते आणि सेइता आपल्या चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला, जगवण्याची धडपड करतो. तो वाचणार नाही, हे पहिल्याच दृश्यात सांगितलेले आहे. म्हणजे ‘पुढे काय होईल’ ही उत्सुकताच नाही. तरी डोळे पडद्यावरून हटत नाहीत. गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा युद्धाबद्दल जे सांगतो ते इतिहासाच्या धड्यातील आकड्यांनी सांगता येत नाही.

दुःख पाहून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्या रसशास्त्रानेही विचारला आहे. भट्टनायकांनी त्याला साधारणीकरण असे उत्तर दिले : रंगमंचावरचे दुःख माझे किंवा त्याचे राहत नाही, ते सर्वांचे होते. म्हणून ते सोसवते आणि मन मऊ करते. हा चित्रपट नववीच्या पुढील विद्यार्थ्यांनी मोठ्यांसोबत पाहावा आणि नंतर थोडे बोलावे, असे आम्हाला वाटते.

भयानक आणि बीभत्स : थांबण्याची जागा

‘डेथ नोट’ किंवा ‘अटॅक ऑन टायटन’ यांची नावे सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांकडूनही ऐकू येतात. या कथा हुशारीने रचलेल्या आहेत, हे मान्य. एका वहीत नाव लिहून कोणालाही मारता आले तर न्याय म्हणजे काय उरेल, हा पहिल्या कथेतील प्रश्न मोठ्यांनाही अस्वस्थ करतो. पण प्रश्न पेलण्याइतके वय नसेल तर प्रश्न बाजूला राहतो आणि रक्त तेवढे लक्षात राहते. 2021 च्या नियमांनुसार भारतात ऑनलाइन मंचांना प्रत्येक कार्यक्रमावर 7, 13, 16 वर्षे किंवा केवळ प्रौढ अशी वयोमर्यादा दाखवावी लागते. पडद्याच्या कोपऱ्यातले ते अक्षर आधी वाचावे. चित्र रंगीत आहे म्हणून ते बालचित्र ठरत नाही.

पालकांना आणि विश्वस्तांना

सरसकट बंदीने प्रश्न सुटत नाही. पाहणे शेजारच्या घरी किंवा पांघरुणाखालच्या मोबाईलवर जाते. सरसकट मोकळीकही बरोबर नाही. आम्ही तिसरी वाट सुचवतो. पालकांनी आठवड्यातून एक भाग मुलांसोबत पाहावा आणि जेवताना त्यावर मराठीत बोलावे. विश्वस्त मंडळाने सत्रातून एकदा सभागृहात एक निवडक चित्रपट दाखवण्यास परवानगी द्यावी. त्यावर रसग्रहण लिहून घेण्याची जबाबदारी आम्ही शिक्षक घेऊ.

मराठीत बोलावे, असा आग्रह का? इंदूरच्या आपल्या मुलांची गल्ली हिंदी, अभ्यास बहुधा इंग्रजी आणि अ‍ॅनिमेही हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठी उरते ती आजीच्या चौकशीपुरती आणि गणपतीच्या आरतीपुरती. ज्या विषयावर मूल मनापासून, भांडून बोलते, तो विषय मराठीत आला तरच भाषा जिवंत राहील. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये चेटकीण चिहिरोचे नाव काढून घेते आणि तिला ‘सेन’ म्हणू लागते. ती स्वतःचे खरे नाव विसरली तर तिला घरी परतता येणार नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी घर सोडून माळव्यात वसलेल्या कुटुंबांना यातली मेख कळायला वेळ लागू नये.

स्वाध्याय

1. तुमच्या आवडत्या अ‍ॅनिमेतील मुख्य रस कोणता? एका प्रसंगाच्या आधारे पाच-सहा ओळींत लिहा.
2. नायक तुमच्यासमोर घडतो की सुरुवातीपासूनच पूर्ण असतो? यामुळे आनंदात काय फरक पडतो?
3. ज्यात कोणीही बोलत नाही असे एक दृश्य निवडा. ते काढून टाकले तर कथेचे काय नुकसान होईल?
4. तुम्हाला न आवडलेला एक प्रकार घ्या आणि तो दुसऱ्याला का आवडत असेल, हे त्याच्या बाजूने लिहा.
5. घरातील मोठ्यांना त्यांच्या लहानपणीच्या आवडत्या मालिकेबद्दल विचारा. त्यांचे उत्तर “मस्त होती” एवढ्यावर थांबले, तर त्यांनाही “का?” असे विचारा.